उंटाला बोट लागलं: एका वाचन चाचणीचं प्रकरण

प्रकरण सातवीच्या एका वर्गातलं आहे. चाचणी मीच काढलेली, उतारा मीच लिहिलेला, त्यामुळे यात जे चुकलं त्याचं खापर फोडायला दुसरं कोणी नाही हे आधीच सांगून टाकते. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं देत नाही, एकीला वाचनवाली म्हणते आणि एकाला पटवाला. वाचनवाली म्हणजे दिसेल ते वाचणारी पोरगी, तास चालू असताना बाकाखाली पुस्तक धरून बसणारी, मोठ्याने वाचायला उभी केली की स्वल्पविरामाला बरोबर थांबणारी. पटवाला अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की थबकतो, मग अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे सरकतो, आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेला असतो. पण बुद्धिबळात तो कोणाला ऐकत नाही.

चाचणी छोटीच होती. एक उतारा, पाच प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, दहापैकी पाचाच्या खाली जो जाईल त्याला वाचनाच्या जादा तासाला बसवायचं. हा जादा तास आठवड्यातून तीन दिवस आणि तोही खेळाच्या तासाच्या जागी, म्हणजे आम्ही त्याला कितीही गोड नाव दिलं तरी पोरांच्या लेखी ती शिक्षाच.

उतारा बुद्धिबळाच्या सामन्यावर होता. का, तर मी स्वतः थोडंफार खेळते आणि मला तो विषय 'सगळ्यांनाच माहीत असतो' असा वाटला. (आपल्याला जे येतं ते जगाला येतं असं वाटण्याचा हा रोग शिक्षकांना जास्त होतो.) शेवटचा भाग असा होता:

"विचार करता करता तिचं बोट उंटाला लागलं आणि तिचा चेहरा उतरला. समोरचा मुलगा काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. बराच वेळ गेला. शेवटी तिने उंट दोन घरं मागे नेला, घड्याळावर हात मारला आणि चाल लिहून घेतली. वीस मिनिटांनी त्याचं प्यादं पलीकडच्या टोकापासून एकाच घरावर येऊन थांबलं, तेव्हा तिने घड्याळ बंद केलं आणि हात पुढे केला."

लिहिताना मी खूश होते. कुठेही 'ती हरली' असं म्हटलेलं नाही, सगळं कृतीतून, पोरांना अनुमान काढावं लागेल, झकास. प्रश्नही तसेच काढले. चेहरा का उतरला, समोरचा मुलगा गप्प का राहिला, तिने घड्याळावर हात का मारला, शेवटी हात पुढे केला याचा अर्थ काय. आणि पाचवा, उताऱ्याला शीर्षक द्या.

पटवाल्याला आठ पडले, शीर्षकाचे दोनच गेले. वाचनवालीला चार.

चार पडले यापेक्षा सहा कशाचे गेले ते बघायला पाहिजे, कारण पेपर तपासताना मी आधी हसले आणि मग हसू गेलं. चेहरा का उतरला? तिने लिहिलं होतं, 'तिच्या बोटाला लागलं म्हणून.' आता 'बोट उंटाला लागलं' आणि 'बोटाला लागलं' यातलं अंतर तिला कळत नाही असं नाही, ही मुलगी कळणाऱ्यांतली आहे. पण तिच्या डोक्यात काय झालं असेल बघा, बोट एका सोंगटीला लागलं एवढ्याशा गोष्टीने कोणाचा चेहरा कशाला उतरेल? काही दुखलं तरच उतरेल. म्हणजे तिने वाक्याला अर्थ लागावा म्हणून कारण शोधलं आणि तिच्याकडे होतं तेवढ्यातून शोधलं. घड्याळावर हात का मारला? 'तिला राग आला होता.' हे तर अगदीच सरळ, चेहरा उतरलेला माणूस कशावर तरी हात मारतो तेव्हा राग सोडून दुसरं काय असणार. आणि शेवटी हात पुढे केला म्हणजे? 'वेळ संपली, ती जिंकली, आणि तिने बक्षीस घ्यायला हात पुढे केला.'

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे तुम्हीही तिच्या जागी बसलेले असाल तर सुटका होईल. सामन्यात सोंगटीला खेळायच्या इराद्याने हात लागला तर तीच चालावी लागते, म्हणून चेहरा उतरला. आपली चाल झाली की दुहेरी घड्याळाचं बटण दाबायचं, आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो, यात रागाबिगाचा संबंध नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होऊ शकतो. आणि घड्याळ बंद करून हात पुढे करणं म्हणजे डाव सोडणं. चार नियम आहेत, दोन मिनिटांत सांगून होतात. माझ्या उताऱ्यातल्या आठ मार्कांचे चारही प्रश्न या चार नियमांवर उभे होते आणि उताऱ्यात नियम एकही नव्हता.

यादी तोवर तयार झाली होती. वाचनवाली जादा तासात, पटवाला बाहेर.

मी काय काय करून पाहिलं

पहिली गोष्ट, उतारा न देता नुसते प्रश्न दिले. शेजारच्या वर्गातला एक मुलगा पटवाल्याबरोबर खेळतो, त्याने चाचणी दिली नव्हती, त्याला म्हटलं बुद्धिबळाच्या सामन्यात एका मुलीने चाल केल्यावर घड्याळावर हात मारला, का मारला असेल? त्याने माझ्याकडे असं बघितलं की बाईंना एवढंही माहीत नाही का. दुसरा, सोंगटीला बोट लागल्यावर चेहरा का उतरला? 'आता तीच खेळावी लागणार ना बाई.' तिसरा, घड्याळ बंद करून हात पुढे केला? 'डाव सोडला.' उताऱ्याची एक ओळ न वाचता सहा मार्क, म्हणजे पास. ही काही माझी युक्ती नाही, वाचन चाचण्या तपासणारे लोक ही पद्धत वापरतात. २००६ मध्ये जॅनिस कीनन आणि रेबेका बेट्जमन यांनी अमेरिकेत खूप वापरल्या जाणाऱ्या ग्रे ओरल रीडिंग टेस्टचे प्रश्न उतारे न वाचायला देता विद्यार्थ्यांना सोडवायला लावले, आणि बरेचसे प्रश्न निव्वळ अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर येत होते. प्रश्न जर उताऱ्याशिवाय सुटत असेल तर तो उतारा कळला का हे मोजतच नाही, काहीतरी दुसरंच मोजतो.

दुसरी गोष्ट, वाचनवालीला मधल्या सुट्टीत बसवलं आणि म्हटलं मोठ्याने वाच, आणि वाचताना डोक्यात जे येईल ते बोलत जा. वाचन एकदम गुळगुळीत, एक शब्द अडला नाही. 'उंट म्हणजे सोंगटी ना?' असं स्वतःच विचारून स्वतःच 'हो' म्हणाली. घड्याळापाशी आल्यावर म्हणाली 'इथे मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ, मग हात कसा पोचला, मग वाटलं मनगटावरचं असेल.' हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे पोर नीट वाचत नाही त्याला असे प्रश्न पडत नाहीत, घड्याळ दिसलं की घड्याळ, पुढे चला. हिला चित्र जुळत नाहीये हे कळलं होतं, तिने दोनदा ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, आणि दुरुस्तीला लागणारी वस्तू तिच्याकडे नव्हती. मग मी ते चार नियम सांगितले. तिने उतारा ओढून घेतला, पुन्हा वाचला, आणि म्हणाली, 'अच्छा, म्हणजे ती हरली! आणि तो मुलगा गप्प होता कारण त्याला आधीच दिसलं होतं ती फसणार, बोलला असता तर तिने नीट विचार केला असता.' हे शेवटचं पटवाल्यानेही इतकं नीट लिहिलं नव्हतं, त्याने नुसतं 'बोलायचं नसतं' असं लिहिलं होतं आणि मी त्याला पूर्ण मार्क दिले होते.

हे काही शास्त्रशुद्ध नव्हतं हे मान्य, ती दुसऱ्यांदा वाचत होती, मी समोर बसले होते, माझ्या चेहऱ्यावरूनही तिला कळत असेल. पण मला जे बघायचं होतं ते दिसलं.

तिसरी गोष्ट पटवाल्याची, आणि ही करायची माझी इच्छा नव्हती, कारण आठ मार्क मिळाल्यावर तो वर्गात आठवडाभर छाती काढून फिरत होता. त्याला बुद्धिबळ सोडून दुसरा उतारा दिला, दीपस्तंभावरचा, लांबी तेवढीच. 'दीपस्तंभ' वाचायलाच चार टप्पे लागले. खालच्या प्रश्नांना त्याने उताऱ्यातली ज्या ओळीत प्रश्नातला शब्द दिसला ती ओळ जशीच्या तशी उतरवली. त्याला वाचनाची मदत हवी होती, भरपूर हवी होती, आणि माझ्या उताऱ्याने त्याला त्या यादीतून अलगद उचलून बाहेर ठेवलं होतं. 'चाचणी अन्यायाची झाली' म्हटलं की सगळ्यांना ज्याचे मार्क गेले तोच दिसतो. ज्याला उगीच मिळाले त्याचंही नुकसान होतं, आणि तो तर तक्रारही करायला येत नाही.

हे आधी कोणी पाहिलेलं आहे

१९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी नेमका हाच प्रकार बेसबॉल घेऊन तपासला होता. सातवी-आठवीची ६४ मुलं, चार गट: चांगलं वाचणारी आणि बेसबॉल कळणारी, चांगलं वाचणारी पण न कळणारी, कच्चं वाचणारी पण कळणारी, आणि दोन्हीत मागे. सामन्यातल्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या मॉडेलवर लाकडी बाहुल्या हलवून काय झालं ते दाखवायला सांगितलं, शिवाय तोंडीही विचारलं. कच्चं वाचणारी पण खेळ कळणारी मुलं, चांगलं वाचणाऱ्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली, आणि वाचन पक्कं असणं हे खेळाच्या माहितीची जागा भरून काढू शकलं नाही. मला त्यातल्या बाहुल्या आवडतात. मुलाला लिहिता येतं का, वाक्य जुळवता येतं का, हा गुंता त्यातून निघून जातो, समजलं असेल तर बाहुली बरोबर जागी जाते. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, जर्मनीत श्नायडर, क्योर्केल आणि वाइनर्ट यांनी तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांवर फुटबॉलची गोष्ट घेऊन साधारण तेच दाखवलं.

त्याच्याही आधी १९७२ चा ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा प्रयोग आहे. एक परिच्छेद, सगळे शब्द सोपे, 'वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एकदम जास्त घेऊ नका' अशा छापाचा, आणि वाचणाऱ्याला काही केल्या बोध होत नाही. विषय कपडे धुणं आहे असं आधी सांगितलं तर सगळं लख्ख. पण गंमत म्हणजे वाचून झाल्यावर विषय सांगितला तर फारसा उपयोग होत नाही. कपडे धुणं म्हणजे काय हे त्या सगळ्यांना माहीत होतं, तरी ते माहीत असलेलं वाचताना हाताशी यायला पाहिजे. १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन लोकांना एका भारतीय लग्नाचं आणि एका अमेरिकन लग्नाचं वर्णन असलेली पत्रं दिली. दोघांनी आपापलं पत्र जास्त वेगाने वाचलं, जास्त लक्षात ठेवलं, आणि दुसऱ्याच्या लग्नातल्या गोष्टींना आपल्या मनाने कारणं चिकटवली. अमेरिकन नवरी आजीचा जुना ड्रेस हौसेने घालते, तर एका भारतीय वाचणाऱ्याला वाटलं की ड्रेस फार जुना आणि फॅशनबाहेरचा होता, बाकी नवरी ठीक दिसत होती. बोटाला लागलं म्हणणारी माझी पोरगी आणि हा वाचणारा, दोघंही एकाच पद्धतीने चुकले, मजकुरातली फट आपल्याकडच्या मातीने बुजवून.

हे का होतं ते मानसशास्त्रज्ञ वॉल्टर किंच यांनी चांगलं मांडलंय. वाचताना डोक्यात दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे मजकुरात जे लिहिलंय त्याचा सांगाडा, कोण, काय, कशानंतर काय. दुसरी म्हणजे त्या प्रसंगाचं चित्र, जे मजकूर आणि आपली आधीची माहिती मिळून बनतं. सांगाडा वाचनवालीकडे पक्का होता, हात मारला मग लिहून घेतलं मग वीस मिनिटांनी हे झालं, सगळा क्रम तिला पाठ. चित्र चुकलं होतं. पटवाल्याकडे सांगाड्याच्या नावाने आनंद होता पण चित्र तयारच होतं, त्याला उताऱ्याने फक्त आठवण करून दिली. आणि माझे चार प्रश्न सगळे चित्राचे होते.

स्टाफरूममध्ये

मी यादी थांबवायला पाहिजे म्हटल्यावर एक सर म्हणाले, 'अहो पण बाई, न कळलेल्या गोष्टीचा संदर्भावरून अंदाज बांधणं हेच तर वाचन. आयुष्यात काय प्रत्येक पानाआधी कोणी नियम सांगायला येणार आहे?' हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, तो खरा आहे. फक्त संदर्भावरून अंदाज बांधायला संदर्भात काहीतरी असावं लागतं. माझ्या उताऱ्यात चाल झाल्यावर दर वेळी घड्याळ दाबलं जातंय असं दोन-तीनदा आलं असतं, तर हुशार वाचणारा स्वतःच म्हणाला असता की ही पद्धत दिसतेय, राग नाही. एकदाच आलं, तेही उतरलेल्या चेहऱ्यानंतर. तिथे अंदाज बांधायचा म्हणजे चुकायचंच.

आणि किती माहिती नसली की अंदाजही चालेनासा होतो यावर एक अभ्यास आहे. ओरायली, वांग आणि सबातिनी यांनी २०१९ मध्ये पर्यावरणातल्या परिसंस्थांविषयीचे उतारे साडेतीन हजारांहून जास्त हायस्कूलच्या मुलांना दिले आणि आधी त्यांची त्या विषयाची माहिती तपासली. माहिती चाचणीत साधारण ५९ टक्क्यांच्या खाली असलेल्यांमध्ये माहिती थोडी कमी-जास्त असली तरी समज जवळपास तशीच कमी राहत होती, त्या रेषेच्या वर गेल्यावर मात्र माहिती वाढेल तशी समज वाढत होती. ही ५९ ची रेषा त्या विषयाची, त्या चाचणीची, ती उचलून बुद्धिबळाला लावता येणार नाही. पण खाली एक तळ असतो आणि त्याच्याखाली नुसतं वाचनकौशल्य फार कामाला येत नाही, एवढं त्यातून घेता येतं.

दुसरं मत असं आलं की मग सगळ्यांना माहीत असलेलाच विषय घ्या ना, किंवा कोणालाच माहीत नसलेला, म्हणजे सगळे सारखे. ऐकायला बरं वाटतं. सगळ्यांना सारखा माहीत असलेला विषय शोधायला बसा, शेवटी हातात राहतं ते 'पाऊस पडला, मुलं भिजली' आणि त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. कोणालाच माहीत नसलेला म्हणजे बनावट, काल्पनिक प्राण्याबिण्यावरचा, तर तिथेही ज्याने खऱ्या प्राण्यांबद्दल वाचलंय त्याला खोटा प्राणी लवकर कळतो. गोष्ट घेतली तरी सुटका नाही, गोष्टीतली माणसं अशी का वागतात हे कळायलाही कुठली तरी माणसं बघितलेली असावी लागतात. माहिती शून्य करून वाचन मोजता येत नाही, कारण कळणं हेच माहितीवर चालतं. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं साधं सूत्र आहे, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, आणि त्यातल्या दुसऱ्या आकड्यात माहिती मुरलेली असते, ती गाळून काढता येत नाही.

मोजमापवाले याला 'जे मोजायचं नाही ते मार्कांत शिरणं' असं म्हणतात, सॅम्युएल मेसिक यांनी यावर पुष्कळ लिहिलंय आणि अमेरिकेतल्या तीन संघटनांच्या २०१४ च्या चाचणी-मानकांत न्याय्यतेच्या प्रकरणात हाच धागा आहे. पण माझ्या मते खरी अडचण माहिती शिरण्यात नाही, ती शिरणारच. अडचण त्या चाराला आम्ही काय नाव दिलं यात आहे. त्या चाराचा अर्थ 'बुद्धिबळाचा उतारा बुद्धिबळ न येता वाचल्यावर चार' असा होता, आणि यादीत तो 'वाचन कच्चं' असा उतरला. एका विषयावरून सगळ्या वाचनाबद्दल बोलायचं धाडस कोणी केलं, तर मी.

तिसरं मत मला सगळ्यात जास्त पटलं, ते म्हणजे आधी विषय शिकवा आणि मग त्याच विषयावरचा नवा उतारा द्या. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने २०१८ मध्ये केंद्राची परवानगी मिळवून अशाच धर्तीचा प्रयोग सुरू केला होता, वर्गात वाचलेल्या पुस्तकांशी आणि विषयांशी जोडलेली वाचनाची परीक्षा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एरिक डोनाल्ड हिर्श १९८७ पासून हेच म्हणतायत की वाचन सुधारायचं तर माहिती वाढवा. यात भीती एवढीच की शिकवलेलं आठवून लिहिलं की मार्क, म्हणजे वाचनाची परीक्षा पाठांतराची व्हायची. त्यावर उपाय म्हणजे विषय शिकवलेला पण उतारा अनोळखी, आणि प्रश्न असे की उतारा न वाचता सुटू नयेत. बोलायला सोपं, असे प्रश्न काढायला बसल्यावर घाम फुटतो.

मदतीच्या टिपा देणं हाही एक मार्ग आहे, उताऱ्याआधी दोन ओळींत ओळख. अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीचा २०२६ साठीचा वाचनाचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला तेव्हा यावरूनच बरीच खडाजंगी झाली होती, एका बाजूचं म्हणणं अशी ओळख दिली तर सगळ्यांना सारखी संधी मिळेल, दुसऱ्या बाजूचं म्हणणं मुलांना खरोखर किती कळतं ते झाकलं जाईल. मला दोन्ही कळतं. एक मात्र सांगते, कठीण शब्दांचे अर्थ खाली दिले म्हणजे काम झालं असं नाही. मी 'प्यादं: बुद्धिबळातली एक सोंगटी' अशी टीप दिली असती तर वाचनवालीला काडीचाही फायदा झाला नसता. ते प्यादं पुढे सरकतंय याची भीती का वाटावी, हे त्या टिपेत नाही.

आकडेमोड करून पक्षपाती प्रश्न पकडायची पद्धतही आहे, मँटेल-हेन्झेल नावाची, हॉलंड आणि थेअर यांनी १९८८ मध्ये ती चाचण्यांसाठी वापरात आणली. एकूण मार्क सारखे असलेली दोन गटांतली मुलं एखाद्या प्रश्नात वेगळी का वागतात ते बघायचं. एका वर्गाच्या जिवावर ती चालत नाही, मुलं पुष्कळ लागतात. आणि माझ्यासारख्या चाचणीत ती तशीही फसली असती, कारण पाचपैकी चार प्रश्न एकाच बाजूला झुकलेले असतील तर एकूण मार्कच झुकलेले, मग तुलना कशाशी करणार.

पुढे काय केलं

यादी त्या आठवड्यापुरती थांबवली. मार्क बदलले नाहीत, कारण मग सगळ्यांचेच बदलावे लागले असते, फक्त त्या मार्कांवरून कोणाला कुठे बसवायचं नाही असं ठरलं. पटवाल्याला वेगळं बोलावून जादा तासाचं सांगितलं. तो म्हणाला 'पण मला आठ आहेत.' मी म्हटलं ते आठ तुझ्या खेळाचे आहेत आणि ते तुझ्याकडून कोणी घेत नाही, वाचनाचं आपण वेगळं बघू. हे त्याला कितपत पटलं कोण जाणे, खेळाचा तास जाणार एवढं मात्र त्याला बरोबर कळलं. (तो तास आम्ही नंतर हलवला, तेही फार आधी करायला पाहिजे होतं.)

पुढच्या चाचणीला एकाऐवजी चार छोटे उतारे, चार वेगळ्या विषयांचे. एकात नशीब खराब निघालं तर दुसऱ्यात सावरेल असा हिशोब. यालाही मर्यादा आहे, ज्या पोराला एकूणच जगाची माहिती कमी मिळालीये त्याचं नशीब चारही उताऱ्यांत खराबच निघणार, उतारे वाढवून ते भरून येत नाही. प्रत्येक उताऱ्याआधी मार्क नसलेले तीन सोपे प्रश्न टाकले, विषय किती माहीत आहे हे कळण्यापुरते. आणि सगळे प्रश्न मी आधी उतारा झाकून दोन सहकाऱ्यांकडून सोडवून घेतले, जे सुटले ते काढले किंवा बदलले.

सगळे काढले असं मला वाटलं होतं. एक उतारा मधमाश्यांवर होता. तिथे वाचनवालीला पैकीच्या पैकी, आणि मी तिच्या आधीच्या तीन प्रश्नांकडे बघितलं तर तेही तिन्ही बरोबर, कारण तिने मधमाश्यांवरचं अख्खं पुस्तक वाचलेलं. त्यातला एक प्रश्न, मधमाशी पोळ्यात परत येऊन नाचते ती का, हा झाकून सोडवताना दोन्ही सहकाऱ्यांना आला नव्हता म्हणून राहिला होता. तिला तो उताऱ्याशिवायच येत होता, आणि ज्यांना आधीच्या तीनपैकी एकही प्रश्न आला नव्हता त्यांच्यातल्या जवळपास कोणालाच आला नव्हता. नाच आणि फुलांची दिशा यांचा संबंध सांगणारं वाक्य उतारा लहान करताना मीच काढून टाकलं होतं. तो प्रश्न मी सगळ्यांच्याच बेरजेतून वगळला.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. त्या उत्तरावर माझीच बरोबरची खूण होती आणि बेरजेत ते दोन मार्क नव्हते.

'बाई, हे बरोबर आहे ना?'

'बरोबर आहे.'

'मग मार्क?'

मी तिला खाली बसायला सांगितलं आणि बुद्धिबळाचा जुना पेपर काढला.